अवघड इंग्रजी शब्दांची चौकट : एका ग्रंथपालाची तक्रार आणि थोड्या विनंत्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर रोज पाच अवघड इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, अशी छोटी चौकट येते. आमच्या वाचनालयात दुपारी बारानंतर ती कुणाच्या दृष्टीस पडत नाही, कारण तोवर कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली असते. कापणारा सराईत आहे. कडा इतक्या सरळ असतात की पान उलटेपर्यंत काही कळत नाही. अडचण अशी की चौकटीच्या नेमकं पाठीमागे बाजार समितीचे भाव येतात. तूर-सोयाबीनचा भाव बघायला आलेले एक आजोबा त्या भोकातून हात आरपार घालून मला दाखवतात, ‘मॅडम, आज तूर कुठं गेली?’ भिंतीवर ‘वृत्तपत्रे फाडू नयेत’ अशी पाटी मीच रंगवून घेतली आहे, पण तिला कोण विचारतो.

मी बार्शीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. पांगरी, वैराग, शिवाय पलीकडच्या भूम-परांड्याहूनही मुलंमुली येऊन बसतात. कुणी बँकेची तयारी करतंय, कुणी स्टाफ सिलेक्शनची, कुणी सरळसेवेची, थोडे एमपीएससीचे. बहुतेक सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे या मुलांनी आमच्यासारखी पाचवीत जाऊन एबीसीडी गिरवलेली नाही. व्याकरण त्यांना बरं येतं. काळ, प्रयोग, अप्रत्यक्ष कथन यांचे नियम मला सुद्धा शिकवतील. धाक आहे तो शब्दांचा. म्हणून तुमची चौकट कापली जाते, आणि म्हणूनच ती बंद करा असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. एवढी मागणी असलेला मजकूर तुमच्या अंकात दुसरा क्वचितच असेल (अग्रलेख आजवर कुणी कापून नेलेला नाही, क्षमस्व). माझी तक्रार ती चौकट ज्या तऱ्हेने भरली जाते तिच्याबद्दल आहे.

मागे आपण ‘सँक्शन’ हा शब्द दिलात आणि समोर एकच अर्थ छापलात : निर्बंध. रशियावरच्या निर्बंधांच्या बातम्या येत असतात, त्यावरून घेतला असावा. एक मुलगा तो तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, ‘मॅडम, आमचं पीककर्ज नुकतंच सँक्शन झालंय. मग त्याच्यावर निर्बंध आला का?’ प्रश्न अगदी रास्त. आपल्याकडे सोसायटीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि तोही अर्थ शंभर टक्के बरोबर आहे. मुळात लॅटिनमध्ये एखादी गोष्ट पवित्र ठरवणं, कायद्याने पक्की करणं असा त्याचा भाव. कायद्याची संमती ती एक बाजू, कायदा मोडल्याची शिक्षा ती दुसरी. ‘ओव्हरसाइट’चंही तेच. समितीची ‘ओव्हरसाइट’ असेल तर देखरेख, आणि कारकुनाकडून ‘ओव्हरसाइट’ झाली तर नजरचूक. अशा शब्दापुढे एकच अर्थ लिहिला की वाचणाऱ्याला आधी येत होतं तेही डळमळीत होतं.

कधी कधी तर तुमचा मराठी अर्थच इंग्रजीहून भारी असतो. ‘लॅकोनिक : अल्पाक्षरी’. ‘अ‍ॅक्विएस : मूकानुमती देणे’. मुलं शब्द विचारायला येतात ती मराठीच्या बाजूचा. ‘अल्पाक्षरी’चा अर्थ सांगण्यापेक्षा मी त्यांना लॅकोनियाची गोष्ट सांगितली. लॅकोनिया म्हणजे ग्रीसमधला स्पार्टाचा मुलूख, तिथली माणसं तोडकं बोलणारी. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने त्यांना धमकी पाठवली, की मी जर तुमच्या मुलखात शिरलो तर सगळं उद्ध्वस्त करीन. स्पार्टाहून उत्तर गेलं एका शब्दाचं : ‘जर’. प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाने ही कथा नोंदवून ठेवली आहे. खरी किती, खोटी किती, ते इतिहासकार बघतील. पण अभ्यासिकेत तेव्हापासून कुणी ‘हो’ किंवा ‘बघू’ एवढंच बोललं की बाकीचे ‘लॅकोनिक!’ म्हणून ओरडतात आणि मला शांतता राखा म्हणून वर जावं लागतं.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण माझं म्हणणं त्यात आलं आहे. पांगरीकडची एक मुलगी बँकेच्या क्लार्कची तयारी करते. एकदा ती जिन्यात उभी राहून ‘एन्कंबर, भारित करणे, एन्कंबर, भारित करणे’ असं पुटपुटत होती. मी विचारलं, ‘भारित करणे म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘माहीत नाही मॅडम, पण उत्तर तेच आहे.’ मी म्हटलं, घरचा सातबारा बघितलास कधी? बघितला होता. फोनमध्येच होता, कर्जमाफीच्या वेळी काढलेला. तिने उघडला. ‘इतर हक्क’च्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा चढवलेला दिसत होता. मी त्यावर बोट ठेवलं : हा बोजा म्हणजे एन्कंब्रन्स, आणि तो चढवणं म्हणजे एन्कंबर करणं. ती दोन क्षण त्या रकान्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे जमीन आपलीच, पण मोकळी नाही.’ कुठल्याही कोशात मला याहून नेमकी व्याख्या सापडलेली नाही.

मग मी तुमच्याच अंकातलं जाहीर नोटिशींचं पान काढलं. ‘सदर मिळकत निर्वेध, निर्जोखमी व बिनबोजाची असल्याबाबत’ हे वाक्य तिथे रोज असतं, वकील मंडळींच्या कृपेने. ते बिनबोजाचं म्हणजे ‘अनएन्कंबर्ड’. तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि आपणच लिहायला लागली. फेरफार म्हणजे ‘म्युटेशन’, तलाठ्याकडे ऐकलेला. जीवशास्त्रात तोच शब्द उत्परिवर्तनासाठी येतो हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. दोन्ही एकच शब्द आहेत हे तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं. अतिक्रमण म्हणजे ‘एन्क्रोचमेंट’. भूसंपादनातलं संपादन म्हणजे ‘अ‍ॅक्विझिशन’. कर्जाची रक्कम हातात देणं म्हणजे ‘डिसबर्स’. स्टे, अ‍ॅफिडेव्हिट, कॉम्पेन्सेशन, ऑडिट. क्लासच्या यादीत हे सगळे ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ या मथळ्याखाली येतात आणि आमच्या मुलांच्या घरी ते जेवताना बोलले जातात. फक्त आपल्या घरातला शब्द आणि यादीतला शब्द एकच आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

शब्द निवडताना आपण नेमका काय विचार करता हे मला कळत नाही. दुर्मीळ तेवढा थोर, असा काहीसा हिशेब दिसतो. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी ट्विटरवर ‘फरॅगो’ (म्हणजे खिचडी, सरमिसळ) हा शब्द वापरला आणि देशभर लोक कोश चाळायला लागले. पुढच्या वर्षी त्यांनी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा अगडबंब शब्द काढला, अर्थ काय तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. आमच्या अभ्यासिकेत तो शब्द एका दमात म्हणून दाखवणारी मुलं आहेत. थरूर यांना तो शोभतो, त्यांच्याकडे बाकीचे शब्द आधीपासून आहेत. आमच्या मुलांकडे बाकीचे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

बाकीचे म्हणजे कोणते, यावर माणसांनी आयुष्यं घातली आहेत. मायकेल वेस्ट हे त्या काळच्या अखंड बंगालात, ढाक्यात, इंग्रजी शिकवत होते. इंग्रजी ज्यांना परकी आहे अशा मुलांना कोणते शब्द आधी द्यावेत, हा प्रश्न त्यांना तिथल्या वर्गात पडला. १९५३ साली त्यांनी साधारण २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले दहातले आठ शब्द तेवढ्यात येतात. पुढे न्यूझीलंडमध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखन तपासून २००० साली ५७० शब्दकुटुंबांची (एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुटुंब) यादी केली. अभ्यासाच्या मजकुरातला आणखी सुमारे दहावा हिस्सा तिने भरून निघतो. या दुसऱ्या यादीत ‘फरॅगो’ नाही. तिथे आहेत अलोकेट, असेस, कन्सिस्टंट, कॉन्ट्रॅडिक्ट, सब्सिक्वेंट. आणि आहेत ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘नेव्हरदलेस’, ‘ऑलबीइट’, ‘नॉटविथस्टँडिंग’.

हे शेवटचे चार बघा. दिसायला बापुडे, कुणी चौकटीत छापणार नाही. पण उताऱ्याचा अर्थ फिरतो तो यांच्यावर. राज्यशास्त्र घेतलेल्या एका मुलाला मी घटनेतलं ३७० वं कलम मूळ इंग्रजीत वाचायला दिलं. २०१९ च्या बदलाआधी त्याची सुरुवातच ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग इन धिस कॉन्स्टिट्यूशन’ अशी होती. म्हणजे या संविधानात इतरत्र काहीही असलं, तरी. त्याने ते वाचलं ‘संविधानात काहीही टिकत नाही’ असं! बिचाऱ्याने शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लावला होता. या मुलाला ‘लोक्वेशस’, ‘गॅर्‍युलस’ आणि ‘व्हर्बोस’ हे तिन्ही बडबडे पाठ होते.

घोकंपट्टीने शब्द ओळखीचा होतो, वापरता येत नाही. बँकेच्या अधिकारी पदाच्या मुख्य परीक्षेत स्वतःच्या शब्दांत इंग्रजी लिहावंही लागतं. सराव म्हणून एका मुलीने कॉलेजला पत्र लिहिलं, त्यात ‘माझी फी मिटिगेट करावी’ अशी विनंती होती. यादीत ‘मिटिगेट : कमी करणे’ एवढंच होतं, तिचा काय दोष? इंग्रजीत मिटिगेट होतो तो धोका, नुकसान, एखाद्या गोष्टीची तीव्रता. फी कमी होते ती वेगळ्या क्रियापदाने. आपणही मराठीत ‘दिवा मालवतो’ आणि ‘आग विझवतो’. ‘आग मालवली’ म्हटलं तर शेंबडं पोरसुद्धा हसेल. शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते कळल्याशिवाय तो आला असं म्हणू नये. आणि शेजारी दाखवायचे तर वाक्य छापायला हवं. तुमच्या चौकटीत वाक्याला जागा नसते. पाचाऐवजी दोन शब्द द्या, जागा होईल.

एक गोष्ट मात्र मला या कामात फार सुखाची वाटते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर विल्यम जोन्स या भाषापंडितांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्यांचं मूळ एकच असलं पाहिजे. भाषाशास्त्रज्ञांना हे आता पाठ आहे; आमच्या मुलांपर्यंत ते पोचलेलंच नाही. इंग्रजीतले ‘अवघड’ शब्द बहुतांशी लॅटिन-ग्रीक घराण्यातले. मराठी मुलाच्या तोंडी असलेले तत्सम शब्द त्यांचे दूरचे भाऊबंद. ‘प्रोजेनी’ आणि ‘प्रजा’ शेजारी लिहून बघा : प्रो-जेन, प्र-जन. ‘अ‍ॅनॉनिमस’मध्ये ‘अन्’ आहे आणि नाम आहे, म्हणजे आपलं ‘अनाम’च. ‘नॉव्हिस’ नवशिका, ‘रेनोव्हेट’ म्हणजे पुन्हा नवं करणं; दोन्हीत ‘नव’. ‘मॉर्टल’ म्हणजे मर्त्य, त्यात ‘मृत’ आहे. ‘मीडियम’ आणि ‘माध्यम’, ‘मेडिएट’ आणि मध्यस्थी. ‘पेडेस्ट्रियन’ पादचारी. मग ‘इम्पीड’ म्हणजे पायात काहीतरी अडकवणं, आणि ‘एक्सपिडाइट’ म्हणजे पाय मोकळा करून देणं, काम लवकर मार्गी लावणं. ‘व्हर्ट’ म्हणजे वळणं, हा आपल्या ‘वृत्’ धातूचा सख्खा. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन ज्याला येतं, त्याला ‘रिव्हर्ट’ आणि ‘इन्ट्रोव्हर्ट’ परके वाटायचं कारण नाही.

आणि ‘नेपोटिझम’! स्टाफ सिलेक्शनच्या अनेक शब्दांसाठी एक शब्द या प्रश्नांत हा ठरलेला. पोपमंडळी आपल्या पुतण्या-भाच्यांना मोठमोठी पदं देत, त्यावरून आलेला. लॅटिन ‘नेपोस’ आणि संस्कृत ‘नप्तृ’ नात्यातले, आणि त्या ‘नप्तृ’वरून आपला ‘नातू’. काका-पुतण्या-नातू या प्रकरणात महाराष्ट्रातल्या मुलांना उदाहरणं शोधायला जावं लागत नाही, त्यामुळे हा शब्द आजवर एकही विद्यार्थी विसरलेला नाही.

पण ही गंमत दुधारी आहे, हेही सांगते. आवाज जुळला की नातं जुळलं असं होत नाही. ‘सेंट’ आणि ‘संत’ यांचा काडीचा संबंध नाही. आपला संत ‘सत्’वरून आलेला, त्यांचा ‘सेंट’ लॅटिन ‘सँक्टस’वरून, म्हणजे तो आपल्या पीककर्जाच्या ‘सँक्शन’चा भाऊ. मुलांना एकदा चटक लागली की सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला ती कमी करत नाहीत. त्यासाठी कोश उघडावा लागतो. आमच्याकडे ४२३ क्रमांकाच्या फळीवर इंग्रजी कोश आहेत, आणि इंग्रजी परकी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केलेला कोशही आहे. या जातीच्या कोशांचे एक आद्य पुरुष ए. एस. हॉर्नबी. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा पहिला कोश १९४२ साली टोकियोत निघाला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना काय अडतं, हे अशा वर्गांतूनच कळतं. सोप्या शब्दांत व्याख्या, खाली वाक्य, शब्द कसा वापरावा याची खूण. सगळं त्यात असतं. फोनवरही असे कोश फुकट मिळतात. तरी मुलं बघतात ती शब्दाखाली एक मराठी अर्थ देणारी अ‍ॅप. एक प्रश्न, एक उत्तर, ही परीक्षेने लावलेली सवय आहे आणि तुमची चौकट तिला खतपाणी घालते.

पाठांतराबद्दलही थोडं. तुमचा हिशेब केला तर रोज पाच म्हणजे वर्षाला, सुट्ट्या धरूनही, सतराशे-अठराशे शब्द होतात. त्यातला एकही पुन्हा येत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने गळतं आणि मग गळती मंदावते. म्हणून उजळणी गळतीच्या आधी हवी, आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त अंतर सोडून. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्यासाठी कार्डांची आणि खोक्यांची साधी युक्ती मांडली. आता त्याचीच अ‍ॅप झाली आहेत. आमच्याकडे अ‍ॅपपेक्षा बरं काहीतरी होतं : तालिकेचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं ठेवायचं, कपाट.

ग्रंथालयांचं संगणकीकरण झाल्यापासून जुनी सागवानी तालिका-कपाटं अडगळीत गेली. आमचंही जिन्याखाली होतं. छोटे छोटे खण, प्रत्येकाला पितळी कडी आणि लेबलाची चौकट. सोबत पाच बाय तीन इंची कोऱ्या कार्डांचे गठ्ठे, खालच्या बाजूला सळईसाठी भोक पाडलेले. ते कपाट मी वर अभ्यासिकेत नेऊन ठेवलं. ज्याला हवा त्याला चार खण. नियम मी घालून दिले आहेत आणि त्यात सूट नाही. कार्डावर तोच शब्द चढवायचा जो स्वतःला वाचताना भेटला. यादीतून उतरवलेला चालणार नाही. पुढच्या बाजूला तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य, शब्दाखाली रेघ. मागे मराठी अर्थ, पण घरी आईला सांगू त्या भाषेत. त्याखाली भाऊबंद असतील तर ते. पहिला खण रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. आलं तर कार्ड पुढच्या खणात. अडलं तर मागच्या नव्हे, थेट पहिल्या खणात.

एक मुलगा पहाटे दूध संकलन केंद्रावर काम करून मग येतो. त्याच्या कार्डांना दुधाचा वास येतो असं बाकीचे चिडवतात. त्याने ‘अ‍ॅडल्टरेट’ हा शब्द यादीतून नाही, केंद्राच्या भिंतीवर लावलेल्या इंग्रजी सूचनेतून उचलला. मागे अर्थ लिहिला : ‘दुधात पाणी घालणे वगैरे’. मी ‘वगैरे’ खोडायला सांगणार होते. मग राहू दिलं, त्या वगैरेतच तर बाकीची भेसळ येते.

माझ्या या म्हणण्याला क्लासवाल्यांचा आक्षेप असतो, तो खोटा नाही. ते म्हणतात, मॅडम, स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. त्यात समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, अनेक शब्दांसाठी एक शब्द हे सरळ विचारतात. वाक्यं कसली जमवत बसता? यादी पाठ, गुण खिशात. त्या परीक्षेपुरतं मला मान्य आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांतले शब्द पाठ करावेतच, मी नाही म्हणत नाही. पण बँकेच्या क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं असतात, चुकीला पाव गुण जातो, आणि तिथे शब्द येतात उताऱ्यात, गाळलेल्या जागेत, वाक्यातले शब्द अदलाबदल करून. अमेरिकेतल्या जीआरई परीक्षेनेसुद्धा २०११ साली निव्वळ विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले आणि शब्द वाक्यात ठेवून विचारायला सुरुवात केली. वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच आहे. शिवाय नोकरी लागल्यावर परिपत्रक वाचायचं असतं, तिथे चार पर्याय छापलेले नसतात.

तेव्हा विनंत्या अशा. शब्द तुमच्याच अंकातून निवडा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, न्यायालयाचा निकाल, हवामान खात्याचा इशारा, अर्थसंकल्प, या बातम्या तुमच्याकडे मुळात इंग्रजीतूनच येतात. भाषांतर करताना तुमच्या उपसंपादकांना जो शब्द अडला तोच दुसऱ्या दिवशी चौकटीत द्या, ज्या वाक्यात अडला त्या वाक्यासकट. मुलांना बातमी ठाऊक असेल, अर्थ आपोआप बसेल. दिलेला शब्द आठवड्याने आणि मग महिन्याने पुन्हा येऊ द्या, दुसऱ्या वाक्यात. सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी शेजारी-शेजारी देऊ नका. ‘इमिनंट’ (येऊ घातलेला) आणि ‘एमिनंट’ (थोर) तुम्ही जोडीने दिलेत, त्या दिवसापासून निम्म्या अभ्यासिकेला वादळ थोर वाटतं आणि शास्त्रज्ञ येऊ घातलेला. एक पक्का होऊ द्या, मग दुसरा.

उच्चार देवनागरीत देता, ही तुमची सगळ्यांत चांगली गोष्ट. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना त्याचा फार आधार होतो. फक्त एकदा कोशात बघून घेत चला. ‘एपिटोम’ नाही, ‘इपिटमी’. ‘हायपर्बोल’ नाही, ‘हायपर्बली’. ‘सटल’मधला ब उच्चारत नाहीत. ‘फसाड’ला ‘फकेड’ छापलं होतंत, ते मुलांनी विश्वासाने वहीत उतरवलं आहे आणि आता मला एकेकीच्या वहीत खोडत बसावं लागतं. छापलेल्या अक्षरावर आमच्याकडे अजून विश्वास आहे.

सोबत मुलांनी केलेल्या दहा कार्डांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, दोन्ही बाजूंच्या. वाक्यं त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतून आणि सरकारी सूचनांमधून उतरवून घेतलेली आहेत, मराठी अर्थ त्यांचे स्वतःचे. छापायच्या लायकीच्या वाटल्या तर जरूर छापा, मुलांची परवानगी घेतली आहे. नावं मात्र देऊ नका. ‘नॉटविथस्टँडिंग’चं कार्ड फार हाताळल्यामुळे मळकट आलं आहे. वाचता आलं नाही तर कळवा, नवं लिहून घेऊन पाठवते.

आपली,
एक ग्रंथपाल, बार्शी (जि. सोलापूर)